ससेहोलपट

मराठी भाषेत ‘ससेहोलपट’ असा एक नामी शब्द आहे. मागे कुत्रे, पुढे शिकारी आणि मध्ये ससा, अशा वेळी त्या सशाची जी गत होते ती ससेहोलपट. शब्दकोशकारांनी इथवरचा विचार केला. पण ज्याच्या घरात ससे आहेत, एका बाजूला बायको आहे, दुसऱ्या बाजूला मुलगी आहे आणि मध्ये जो उभा आहे, त्याची जी गत होते तिच्यासाठी वेगळा शब्द काढावा, हे काही त्यांना सुचलं नाही. एकूणच आपल्या भाषेनं सशाचा फार खोलात जाऊन विचार केलेला दिसत नाही. भित्र्या माणसाला सशाचं काळीज दिलं, अशक्य गोष्टीला सशाची शिंगं दिली आणि चंद्राला शशांक म्हणून त्याच्या अंगावर एक ससा बसवून दिला. पण सशाला ठेवायचं कुठं, घरात की अंगणात, या प्रश्नावर आपलं सगळं वाङ्मय गप्प आहे. चंद्रावर ठेवला की प्रश्न मिटतो, हे खरं. पण ती सोय सगळ्यांना परवडत नाही.

आमच्याकडे ससे आले ते 2018 च्या दिवाळीत. माझ्या मेहुण्यांची बदली सिंगापूरला झाली आणि भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्यांनी बहिणीच्या हातात एक पैठणी आणि एक वेताची टोपली ठेवली. पैठणी कायमची होती, टोपली ‘तात्पुरती’ होती. टोपलीत दोन ससे होते. एक पांढराशुभ्र, एक तपकिरी. “दोन्ही माद्या आहेत, अजिबात कटकट नाही,” असं मेहुण्यांनी जाता जाता सांगितलं. सासरच्या माणसांनी दिलेल्या हमीची शहानिशा करायची नसते, एवढं ज्ञान मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच झालेलं आहे.

कन्येनं पांढऱ्याचं नाव ‘स्नोई’ ठेवलं आणि तपकिरीचं ‘ब्राउनी’. माझी आई तेव्हा नुकतीच गुहागरकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या तोंडात दुसऱ्याच दिवशी स्नोईची ‘सोनी’ झाली आणि ब्राउनीची ‘भवानी’. पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून ही भवानी नर असल्याचं जाहीर केलं. “वेळेवर आणलंत. यांचा गर्भ 31 दिवसांचा असतो. अजून थोडं थांबला असतात, तर टोपली पुरली नसती,” असं म्हणून त्यांनी पुढच्या शस्त्रक्रियेची तारीखही दिली. आईला मी नाव बदलायला सुचवलं. ती म्हणाली, “असू दे की भवानी. महाराजांच्या तलवारीला नव्हतं का तेच नाव?” पुण्यात राहणाऱ्या माणसानं या युक्तिवादापुढं बोलायचं नसतं.

नावांचा प्रश्न असा मिटला आणि जागेचा उभा राहिला. आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागं दहा फूट बाय आठ फुटांचा मातीचा तुकडा आहे. बिल्डरनं त्याला जाहिरातीत ‘उद्यान’ म्हटलं होतं. या उद्यानामुळंच घरात दोन पक्ष पडले. कन्या आतल्या पक्षाची, सौभाग्यवती बाहेरच्या पक्षाची. ससे खुद्द तिच्या भावानं दिलेले असल्यामुळं ‘घराबाहेर काढा’ असं तिला म्हणता येईना, म्हणून ती ‘निसर्गात ठेवा’ असं म्हणत होती. माझं मत दोन्ही पक्ष विचारत होते, पण ताटात डाव्या बाजूला चटणी वाढतात तितपतच.

आतल्या पक्षानं सुरुवातीला बाजी मारली. कन्येनं कुठून कुठून माहिती गोळा केली होती. ‘पीटर रॅबिट’ लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरबाईंचे ससे घरातच राहायचे, एकाला तर त्या गळ्यात पट्टा बांधून फिरायला न्यायच्या. कॅलिफोर्नियातल्या मॅरिनेल हॅरिमन नावाच्या बाईंनी 1985 साली ‘हाउस रॅबिट हँडबुक’ लिहून ससा हा मांजरासारखा घरात राहू शकतो, ठरलेल्या कोपऱ्यातच आपले विधी उरकतो, असं जगाला सांगितलं आणि 1988 साली तिथं या कामासाठी संस्थाही निघाली. मी म्हटलं, “अगं, पण आपल्याकडं अशी संस्था...” कन्या म्हणाली, “बाबा, आपल्याकडं आई आहे ना!”

कोपऱ्याचं म्हणणं खरं निघालं. एका पसरट ट्रेमध्ये जुनी वर्तमानपत्रं आणि वर वाळलेलं गवत घातलं, तर चार दिवसांत दोघंही तिथं जाऊ लागले. ट्रेमध्ये बसून ते एकीकडं गवत खात आणि दुसरीकडं आपलं काम करत. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ पेपर घेऊन तिकडं जातात, त्यातलाच प्रकार.

मग दातांचं प्रकरण सुरू झालं. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, वर्षाला 10-12 सेंटिमीटर! ते झिजवत राहिलं नाही तर त्याला खाताच येत नाही. गवत चावून दात झिजतात, म्हणून त्याचं मुख्य अन्न गवत. चित्रातल्या सशाच्या हातात नेहमी गाजर असतं खरं, पण गाजरात साखर फार. सशाच्या दृष्टीनं गाजर म्हणजे गाजरहलवाच. हे सगळं शास्त्र भवानीला माहीत नव्हतं. त्यानं दात झिजवण्यासाठी पहिल्या आठवड्यात फोनच्या चार्जरची वायर निवडली, दुसऱ्यात इंटरनेटची आणि तिसऱ्यात सौभाग्यवतीच्या माहेरच्या शिसवी पाटाचा कोपरा. वायरी गेल्या तेव्हा ती नुसतीच गंभीर झाली होती. पाट गेला तेव्हा ती मुद्देसूद बोलू लागली.

त्यात भर म्हणून एकदा पहाटे तिनं सोनीला स्वतःचीच लेंडी खाताना पाहिलं आणि ती किंचाळली. डॉक्टरांनी फोनवर समजूत घातली, की सशाच्या मऊ लेंड्या वेगळ्या असतात, त्यात सत्त्व असतं, त्या पुन्हा खाल्ल्या तरच त्याचं पोषण पूर्ण होतं आणि हे अगदी निरोगी सशाचं लक्षण आहे. हिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “डॉक्टर, हे निरोगी लक्षण अंगणात दिसलं तर चालेल ना?”

बाहेरच्या पक्षाला असं बहुमत मिळालं. पण वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यातच मला अडवलं. “मातीवर सोडताय ससे? विचार केलात का? 1859 साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी 24 ससे आणवून सोडले. किती? फक्त 24. त्यांनी पुढं सबंध खंडाचं गवत फस्त केलं. त्यांना अडवायला 1901 ते 1907 या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात कुंपण घातलं. किती लांब? 1833 किलोमीटर! पुण्याहून दिल्ली गाठली तरी उरेल एवढं. आणि कुंपण पुरं व्हायच्या आत ससे पलीकडं पोचलेसुद्धा!” मी त्यांना सांगितलं, की आमचे दोनच आहेत, आणि त्यातल्या एकाची शस्त्रक्रिया झालेली आहे. ते म्हणाले, “सुरुवातीला सगळेच असं म्हणतात.”

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता. “तुम्ही ‘निसर्ग, निसर्ग’ म्हणताय, पण कुणाचा?” त्यांनी विचारलं. “आपल्या माळावर दिसतो तो ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात नुसती खळगी करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन येतात. त्याला पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्याकडचे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. ते बिळात राहणारे. त्यांची पिल्लं उघडीनागडी, आंधळी जन्मतात. त्यांचं सगळं जगणं बिळाच्या भरवशावर. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.” म्हणजे सिंहाला विहिरीत पाडणारा आणि कासवाशी शर्यत हरणारा तो आमच्या घरातला नव्हेच, हे मला त्या दिवशी कळलं. भवानीचं वागणं पाहून मला तशी शंका आलेली होतीच.

तरीही पिंजरा आला. सुताराला लाकडी छप्पर सांगितलं होतं, त्यानं पत्रा ठोकला. “साहेब, पावसाचं टेन्शन नाय,” असं म्हणून पैसे घेतले आणि तो गेला. तळाला जाळी होती. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, जाळीवर उभा राहून त्याच्या टाचांना जखमा होतात, म्हणून कन्येनं जाळीवर फळी घातली आणि फळीवर स्वतःची जुनी गोधडी. मग लक्षात आलं, की कुंपणाशी कण्हेर आहे, आणि कण्हेर सशाच्या पोटात जाता कामा नये. कण्हेर काढली. मग एक बोका येऊन पिंजऱ्यावर बसू लागला. मग रात्री घूस येऊन खालून उकरू लागली. घूस आली की भवानी मागचा पाय दाणकन आपटायचा. बिळातल्या मंडळींना धोक्याची सूचना देण्याची ही त्यांची पद्धत. बिळातली मंडळी म्हणजे सोनी. ती एवढीशी होऊन कोपऱ्यात बसे आणि उठावं मला लागे. नुसत्या भीतीनंसुद्धा ससा दगावतो, असं डॉक्टर सांगून बसले होते. तेव्हा रात्री दोन वाजता एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन मी ‘हट्, हट्’ करत उद्यानात फिरू लागलो. ससेहोलपटीतलं ‘होलपट’ काय असतं, ते मला त्या दिवसांत नीट समजलं.

या सगळ्या काळात आईनं एक शब्दही काढला नव्हता. ती सकाळी सोन्या-भवानीला दूर्वा आणि कोथिंबिरीच्या काड्या घालायची आणि दर दहा-बारा दिवसांनी मला म्हणायची, “आता मला गावी पोचव रे.” मग तिच्यावरूनही घरात चर्चा व्हायची. ती मागच्या दारात बसली, की कुणीतरी म्हणायचं, “आई, ऊन लागेल, आत या.” ती आत आली, की कुणीतरी म्हणायचं, “आई, दिवसभर घरात कोंडून का बसता, जरा बाहेर मोकळ्यावर बसा.” सगळे तिच्या काळजीनंच बोलत. ती काही न बोलता एकदा आत यायची आणि एकदा बाहेर जायची.

2019 च्या एप्रिलात पुण्याचा पारा 43 अंशांवर गेला. ससा हा थंडी सहज सोसतो, पण तिशीच्या वर पारा गेला की त्याचे हाल होतात. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता जी काय बाहेर टाकायची ती त्या लांब कानांवाटे. असल्या एका दुपारी बाराच्या सुमाराला आई मागच्या दारात गेली आणि तिनं मला हाक मारली. तशी हाक तिनं मला पूर्वी एकदाच मारली होती, वडील गेले तेव्हा.

पत्र्याच्या छपराखाली सोनी आडवी पसरली होती. मान वर, तोंड उघडं, श्वास भात्यासारखा. भवानी तिच्या अंगाला चिकटून बसला होता आणि हलायला तयार नव्हता. हिनं पदरातच सोनीला उचललं. बाहेरच्या पक्षाची पुढारी तिला पोटाशी धरून स्वयंपाकघरात फरशीवर बसली. डॉक्टर फोनवर सांगत होते, की बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, साध्या गार पाण्यानं कान भिजवा, पंख्याचा वारा घाला आणि थोडं सावरलं की घेऊन या. कन्या कान पुसत होती आणि रडत होती. मी वारा घालत होतो. कुणीही ‘मी म्हटलंच होतं’ असं म्हटलं नाही. आमच्या घरात हे घडल्याची दुसरी नोंद नाही. वीस मिनिटांनी सोनीनं मान सरळ केली आणि हिच्या हाताचं बोट चाटलं. मग ही रडली.

डॉक्टरांकडून परत आल्यावर, संध्याकाळी पुन्हा चर्चा सुरू झाली. आता उन्हाळाभर आत ठेवायचे आणि पावसाळ्यानंतर बाहेर, की दिवसा आत आणि रात्री बाहेर, की घुशीमुळं रात्री आत आणि दिवसा... तेवढ्यात आई म्हणाली, “तुमच्या घराला पडवी नाही, म्हणून हे सगळं.”

आम्ही गप्प झालो.

“आमच्या घरी आत आणि बाहेर असं नव्हतंच. माजघर, मग ओटी, मग पडवी, मग खळं. कुत्रं पडवीत, मांजर ओटीवर, गाय गोठ्यात. पाहुणा जितका जवळचा तितका आत यायचा. दुपारी ऊन आलं की सगळे एकेक पायरी आत सरकायचे, संध्याकाळी एकेक पायरी बाहेर. कुणी कुणाला सांगत नसे. तुमचं मेलं एकच दार. ते लावलं की आत, उघडलं की बाहेर. त्यात त्या मुक्या जिवानं काय करावं?” एवढं बोलून ती देवापाशी दिवा लावायला उठली. नातीला म्हणाली, “आणि गेल्या साली तोंड फुटलेला माठ मी ठेवलाय बाथरूममागं. तो आण. फेकू नका म्हटलं तर हसत होतात.”

तो माठ मातीत आडवा, अर्धा गाडला. वर गोणपाट टाकून पाणी शिंपडलं. भवानी दोन मिनिटं बाहेरून हुंगत राहिला, मग आत गेला आणि मागून सोनी गेली. स्पेन-पोर्तुगालची ती दोघं गुहागरकडच्या एका बाईनं सुचवलेल्या बिळात जाऊन जी बसली, ती संध्याकाळचे सात वाजेपर्यंत बाहेर आली नाहीत. माठाच्या आत हात घालून पाहिला, तर वाळ्याच्या पडद्यामागं असतो तसा गारवा.

जूनच्या आत आम्ही पडवी केली. मागच्या दाराला लागून उतरतं छप्पर, त्यावर मंगलोरी कौलं, निम्म्या जागेत शहाबादी फरशी, निम्म्यात माती. तीन बाजूंना जाळी, ती जमिनीत दीड फूट पुरलेली, म्हणजे आतल्यांनी बाहेर खणू नये आणि घुशीनं आत येऊ नये. पत्रा भंगारवाल्याला दिला. घरातल्या वायरी पाइपात घातल्या. स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडं. शेवटी आईच्या सांगण्यावरून भिंतीशी एक लाकडी बाक ठेवला. सशांना बाक कशाला, असं कुणीही विचारलं नाही.

आता ससे कुठं राहतात, आत की बाहेर, हे मला खरोखर सांगता येणार नाही. पहाटे साडेचार-पाचला ते पडवीत असतात, मातीवर धावतात, आनंद झाला की हवेतच अंगाला पीळ देऊन उडी मारतात. आई त्याला ‘फुगडी’ म्हणते. ऊन चढलं की फरशीवर, मग माठात, फारच उकडलं की स्वयंपाकघरात ओट्याखाली. दिवाळीत फटाके सुरू झाले की सरळ माजघरात, म्हणजे आमच्या हॉलमध्ये, सोफ्यामागं. तिन्हीसांजेला परत पडवीत. आईचं वेळापत्रकही जवळजवळ हेच आहे. दोन्ही ससे आता म्हाताऱ्यांत जमा झालेत. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यांचंही उतरतं ऊनच म्हणायचं. आईनं गावी पोचवायला सांगणं केव्हा बंद केलं, ते मला नेमकं आठवत नाही. पण बाक आल्यानंतर ते मी ऐकलेलं नाही.

पडवीला मात्र त्या जुलैतच विघ्न आलं. सोसायटीचे सेक्रेटरी हातात फाइल घेऊन हजर झाले. कुणीतरी अर्ज केला होता. “सदर बांधकाम सदनिकेच्या आतील समजायचं की बाहेरील, याचा लेखी खुलासा पाहिजे,” ते म्हणाले. “आतील असेल तर क्षेत्रफळ वाढतं, बाहेरील असेल तर अतिक्रमण होतं.” मी आणि हिनं एकमेकांकडं पाहिलं. एवढा अनुभव असूनही आम्हाला उत्तर येईना.

आई बाकावरून म्हणाली, “उभे का? या, बसा आधी. चहा टाकते सूनबाई.”

ते बसले. पाऊस लागला होता, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. त्यांनी फाइल बाकावर ठेवली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “आमच्या संगमेश्वरच्या घराला अशीच पडवी होती हो.” मग दोघांचं बोलणं जे सुरू झालं, ते दुसरा चहा झाला तरी संपेना. खुलाशाचा विषय पुन्हा निघाला नाही. निघता निघाला नसताच म्हणा. तोवर अर्जाची खालची कड भवानीनं सहीसकट खाल्ली होती.